खालून कापलेलं दार

मी दारात उभी राहिले की लोकांना एकदम माझ्या गुडघ्यांची काळजी वाटायला लागते. "बसा मॅडम, आधी चहा घ्या. जिना फार उंच आहे हो आमचा. वर तसं बघण्यासारखं काही नाही." ज्या घरात जिन्याचं इतकं वर्णन होतं, तिथे मी चहा न घेता आधी वरच जाते.

कुणी घर विकत घ्यायला कर्ज मागितलं की पैसे मोकळे करण्याआधी बँक माझ्यासारखीला ते घर बघायला पाठवते. बँकेचे प्रश्न तीनच असतात. कागदावर आहे तेच घर जागेवर आहे का? कर्ज फिटेपर्यंत ते उभं राहील का? आणि उद्या हप्ते थकले तर ते दुसरं कुणी घेईल का? घरातल्या माणसांचा प्रश्न मात्र चौथाच असतो, तो म्हणजे "आमचं घर आवडलं ना तुम्हाला?" त्याला माझ्या रिपोर्टात रकाना नाही. माझं ऑफिस टोपी बाजारात, लग्नाचे साफे-फेटे विकणाऱ्या दुकानाच्या वर आहे. पत्ता टोपी बाजाराचा आणि काम कुणाला टोपी घालू न देण्याचं, हा विनोद माझ्या नवऱ्याने इतक्या वेळा केला आहे की आता मीच तो आधी करून टाकते.

या धंद्यात माणसं फार छान खोटं बोलतात. एका गृहस्थांनी दिवाणखान्यातल्या तड्यावर गणपतीची भलीमोठी तसबीर टांगली होती. मी हात पुढे केला तर म्हणाले, "हलवू नका, रोज पूजा होते." मी नमस्कार केला आणि तसबिरीच्या कडेने बोट फिरवलं. तडा बाप्पाच्या मागून निघून थेट खिडकीपर्यंत गेला होता. ते म्हणाले, "मॅडम, आजवर बाप्पानेच सांभाळलंय." मी म्हटलं, "बाप्पा सांभाळतील, पण हप्ते बँकेला लागतात." दुसऱ्या एका घरात तर ऐन पितृपक्षात रंगाचा वास येत होता. ज्या पंधरवड्यात आपले लोक नवा रुमालसुद्धा घेत नाहीत, त्यात यांनी आख्खं घर रंगवून काढलं होतं! मी नखाने भिंत खरवडली तर खालची ओल माझ्या बोटाला लागली. लोकांना वाटतं मी तडे शोधते. मी खरं तर घाई शोधते.

पण ही माझ्या चलाखीची गोष्ट नाही. माधवगंजच्या मोहित्यांच्या घराची आहे, आणि तिथे कुणीच काही लपवलेलं नव्हतं.

आधी आमच्याकडच्या छतांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईचे वाचक इथेच अडखळतील. ग्वाल्हेरात दगड मुबलक. त्यामुळे लष्कर नावाच्या आमच्या जुन्या भागातल्या घरांचं छत सिमेंटच्या स्लॅबचं नसतं. लोखंडी गर्डर टाकायचे, त्यांच्यावर लांबच लांब दगडी पट्ट्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि वरून विटांचा चुरा-चुना घालून गच्ची करायची. या पट्ट्यांना इकडे पटिया म्हणतात. बाहेरगावहून बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांना 'दगडी छत' वाचून धडकी भरते, पण नीट राखलं तर हे छत दोन-तीन पिढ्यांना पुरून उरतं. त्याचा आजार एकच. पटियांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं. त्यावर खरा इलाज म्हणजे सांधे उघडायचे, साफ करायचे आणि पुन्हा भरायचे. ते काम कंटाळवाणं, आणि ते जाणणारे मिस्त्री कमी. म्हणून आमच्या लष्करातले लोक काय करतात? पाऊस जवळ आला की गच्चीवर वरून सिमेंटचा एक थर ओततात. एक वर्ष सुखाचं जातं. मग पुन्हा गळतं, पुन्हा थर. छताचं वजन वाढत जातं आणि एक दिवस पटिया मधोमध तडकते. गळतं म्हणून ओततात, ओततात म्हणून तडकतं आणि तडकतं म्हणून आणखी गळतं.

मोहित्यांचं घर मी बघायला गेले ते श्रावणात. घर त्यांचं नव्हतंच अजून. ते लग्न झाल्यापासून तिथे भाड्याने राहत होते. मालक चौबेजी इंदूरला मुलाकडे राहायला गेले होते, आणि आता विकायचंच तर आधी भाडेकरूला विचारू, असा भलेपणा त्यांनी दाखवला होता. मोहिते एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर, ते त्या दिवशी ड्यूटीवर होते. घरी त्यांची बायको शैला होती. ती पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. तिने जिन्याबद्दल अक्षर काढलं नाही. "काय पाहायचं ते पाहून घ्या, ताई," म्हणाली आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यायला लागली.

वरच्या खोलीत मी बॅटरी मारली आणि थांबले. गर्डर पोटात वाकले होते. तीन-चार पटियांवर अगदी मध्यावर चिरा होत्या. मग मी जिन्याने गच्चीकडे गेले. शेवटची पायरी माझ्या गुडघ्याला लागेल एवढी उंच होती. गच्चीचं दार इतकं बुटकं, की माझ्यासारख्या ठेंगणीलाही वाकून जावं लागलं. बाहेर आले तर कठडा मांडीलासुद्धा पोचत नव्हता. दाराची फळी बाहेर उघडणारी होती, आणि तिची खालची कड करवतीने कापलेली दिसत होती. कठडा खाली गेला नव्हता. गच्ची वर आली होती.

मी रिपोर्टात छत धोक्याचं आहे असं लिहिलं. खरं होतं तेच लिहिलं, आणि आजही तेच लिहीन. बँकेने कर्ज नाकारलं.

दोन दिवसांनी शैला टोपी बाजारातल्या माझ्या ऑफिसात आली. खाली दुकानात कुणा नवरदेवाच्या साफ्याची निवड चालली होती, हसण्याचा नुसता कल्लोळ. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"ताई, रक्ताची रिपोर्ट निगेटिव्ह आली तर आपण पेढे वाटतो. ही घराची निगेटिव्ह आली तर हे परवापासून धड जेवले नाहीत. घराला झालं तरी काय आहे, ते तर सांगा."

"बँकेने कारण नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, टेक्निकल आहे. मी म्हटलं, मी पण टेक्निकलच आहे, मशीन चालवते. लेकिन कोणी काही बोललंच नाही." मग तिचा आवाज उतरला. "चौबेजींना बयाना देऊन झालेला आहे. दसऱ्यापर्यंत रजिस्ट्री नाही झाली तर ते घर दुसऱ्याला देऊन टाकतील. इथलेच, या बाजारातले एक व्यापारी आहेत, त्यांना तिथे गोदाम करणं आहे. बयाना डुबेल तो डुबेल. पण माझी सगळी गिऱ्हाइकी त्या गल्लीतली आहे, ताई. या वयात मी कुठे बोर्ड लावू?"

आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला कायम टोचत आली आहे. डॉक्टर रोगाचं निदान रोग्यालाच सांगतो. आम्ही ते सावकाराला सांगतो, आणि रोग्याच्या हातात नुसता 'नाही' पडतो. किती माणसं तो 'नाही' घेऊन घरी गेली असतील, आणि आपल्या घराला नेमकं काय दुखतंय हे त्यांना कधीच कळलं नसेल. शैलासारखी विचारायला आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मी तिला म्हटलं, "रिपोर्ट मी बदलणार नाही. पण छत बदललं तर रिपोर्ट आपोआप बदलेल. रविवारी येते, मोहित्यांना घरी थांबायला सांग." बँकेच्या साहेबांनाही मी फोन करून सांगितलं, की मी मोहित्यांना कारण समजावून सांगणार आहे आणि यापुढे या घराची पाहणी दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "आपकी मर्ज़ी, मैडम."

रविवारी मोहिते दारातच उभे होते. साधा, हसतमुख माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझ्यावर राग असेल असं वाटलं होतं, तसं काही नव्हतं. माझी काहीतरी चूक झाली आहे आणि घर नीट दाखवलं की ती मला कळेल, अशी त्यांची खात्री होती. ते स्वतःच मला गच्चीवर घेऊन गेले. त्या बुटक्या दारातून सवयीने वाकून बाहेर पडले आणि पायाने गच्ची ठोकून म्हणाले, "आता हे पाहा, मॅडम. असं मजबूत छत आख्ख्या माधवगंजमध्ये नाही भेटणार तुम्हाला."

"हे थर कुणी टाकले? चौबेजींनी?"

"ते कुठले लावतात पैसा! मी टाकले. दरवर्षी, पाऊस लागायच्या आधी. सुट्टी घ्यायची, सिमेंट आणायचं आणि स्वतः बसून घोटायचं. एक वर्षसुद्धा नागा नाही. दार अडायला लागलं की खालून थोडं कापून घ्यायचं." मग जरा लाजत म्हणाले, "हे त्या रिपोर्टमध्ये लिहिता येईल का? मतलब, भाडेकरू असूनसुद्धा केलं, म्हणून."

मला त्या क्षणी खोटं बोलावंसं वाटलं. इतक्या वर्षांत लोक माझ्याशी खोटं बोलत आले, एकदा आपणही बोलून टाकावं आणि जिना उतरून जावं. पण त्यांच्या डोक्यावर छत होतं, आणि ते पडलं असतं तर माझ्या गोड बोलण्याने सावरलं नसतं.

मी त्यांना गच्चीखालच्या त्याच वरच्या खोलीत आणलं; शैलाही मागोमाग येऊन बसली. बॅटरी त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, "मोहिते, तुम्ही रोज हाडं बघता. हा दगड एक हाड आहे असं समजा. चीर कुठे आहे?"

"मधोमध."

"दोन्ही टोकं टेकलेली, आणि चीर मधोमध. केव्हा येते अशी?"

ते वर बघत राहिले. बॅटरीचा प्रकाश एका चिरेवरून दुसरीवर गेला, मग वाकलेल्या गर्डरवर थांबला. ते हळूच म्हणाले, "वजनाने. वरच्या वजनाने येते."

मी मान हलवली. त्यांनी बॅटरी विझवली.

"म्हणजे हे मीच केलं."

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं ज्याची शुश्रूषा केली त्याला आपणच आजारी पाडलं, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. त्यांची कॉलेजातली मुलगी रेवा दारात उभी होती. ती म्हणाली, "पापा, आपको कैसे पता होता? सगळी गल्ली हेच करते ना." ते खरंच होतं. पण बापाला ते ऐकू गेलं नाही.

तेव्हा शैला उठली. मला वाटलं आता ही नवऱ्याला बोलणार. तिने कोपऱ्यात ठेवलेल्या आपल्या जुन्या शिलाईच्या मशीनवरची चादर काढली आणि मला लाकडावरचा एक काळपट डाग दाखवला. "हे पाहा, ताई. पहिल्या पावसात इथे पाणी पडलं होतं, लग्नाचं नवं मशीन. मी रडत बसले. त्याच आठवड्यात यांनी पहिल्यांदा सिमेंट टाकलं. त्यानंतर एक थेंब माझ्या मशीनवर पडू नाही दिला यांनी. चुकलं असेल, लेकिन माझ्यासाठी चुकलं." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चला, आता पोहे खाऊन घ्या. ताईंना पण भूक लागली असेल."

ते पोहे मी खाल्ले. दुसऱ्याच्या घरी पाहणीला गेल्यावर काही खायचं नाही हा माझा नेम आहे, पण त्या दिवशी मी बँकेची कुणी नव्हते.

इलाज मी त्यांना समजावून दिला. सगळे थर खरवडून काढायचे, मूळ पटियांपर्यंत. तडकलेल्या बदलायच्या, वाकलेल्या गर्डरांना आधार द्यायचा, सांधे भरायचे, वर एकच पातळ थर आणि पाण्याला नीट उतार. घर पाडायला नको, हे ऐकून शैलाने देवाला हात जोडले. पण दोन अडचणी होत्या. पावसात छत उघडता येत नाही, म्हणजे दसऱ्याची मुदत हुकणार. आणि घर अजून चौबेजींचं. एरवी अशा वेळी मी लोकांना सांगते, की रिपोर्ट मालकाला दाखवा आणि घराची किंमत कमी करून मागा. खराब रिपोर्टचा एवढा एक उपयोग असतो. इथे मात्र चौबेजी उलट म्हणू शकले असते, की माझं छत तुम्हीच बिघडवलं, भरून द्या.

शैलाचं म्हणणं, चौबेजींना छत खराब आहे एवढंच सांगावं. मोहिते म्हणाले, "नाही. माझ्याने नाही होणार. मी सांगेन."

गणपतीत चौबेजी इंदूरहून आले. मोहित्यांच्या आग्रहाखातर मीही गेले. मोहित्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, शाळेत मास्तरांपुढे सांगावं तसं. चौबेजी थेट जिना चढायला लागले. कित्येक वर्षांत ते वर गेले नव्हते. आपल्याच घराच्या गच्चीवर जाताना वाकावं लागेल हे त्यांना काय ठाऊक! चौकटीवर डोकं असं आपटलं की खाली शैलाला ऐकू आलं. कपाळ चोळत ते बाहेर जाऊन उभे राहिले, कठड्याकडे, दाराकडे, पायाखाली बघत.

मग म्हणाले, "मोहिते, मकान मेरा था। टपकता भी मेरा ही था। मुझे ऊपर आना चाहिए था।"

त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत वाढवली आणि पटियांचा खर्च किमतीतून वजा केला. ते संत नव्हते, मलबा उचलायचा खर्च त्यांनी मोहित्यांच्याच माथी मारला. पण गोदामवाल्या व्यापाऱ्याला त्यांनी माझ्यासमोर फोन करून नकार कळवला. त्या दिवशी शैलाने मला उकडीचे मोदक खायला घातले; इकडे बहुतेक घरी तळणीचेच होतात, म्हणून मला त्याचंही अप्रूप वाटलं.

पाऊस उघडला तो नेमका पितृपक्षात. जुनी पटियाची छतं जाणणारा मिस्त्री त्याच पंधरवड्यात मोकळा होता, कारण तेव्हा कोण काम काढतं! मोहिते कचरले. त्यांच्या घराण्यात पितृपक्षात खिळासुद्धा ठोकत नसत. शैला म्हणाली, "आपण काही बांधून नाही राहिलो. डोक्यावरचं ओझं उतरवायला कशाला मुहूर्त पाहिजे? पितरांना पण हलकं वाटेल." आणि काम सुरू झालं.

मोहित्यांनी रजा काढली आणि मिस्त्रीबरोबर स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसले. एकदा मी डोकावले तर धुळीने पांढरे झालेले. एकेक थर वेगळा निघत होता आणि ते प्रत्येकाला ओळखत होते. हा रेवा झाली त्या वर्षीचा. हा वडील गेले तेव्हाचा, सुतकातून उठल्याउठल्या टाकलेला. हा चांगला गुळगुळीत जमला होता, शेजारचे बघायला आले होते. ओळखायचे, थोडा वेळ हात फिरवायचे आणि फोडायचे. मी त्यांना थांबून चहा घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "नको मॅडम. थांबलो तर पुढचा नाही फोडता यायचा."

नवरात्रात बँकेने दुसरा माणूस पाठवला. मी त्याला ओळखते, कडक आहे, आणि मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. कर्ज मागितलं होतं त्याहून जरा कमीच मिळालं, शैलाने कमी पडलेलं कुठूनसं जमवलं, आणि दिवाळीच्या आधी रजिस्ट्री झाली.

लग्नापासून राहत आलेल्या घराची वास्तुशांत करायची म्हणजे शेजाऱ्यांना गंमतच. मला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर मोहिते म्हणाले, "वर चला ना, मॅडम." या वेळी जिन्याची शेवटची पायरी इतर पायऱ्यांसारखीच होती. चौकटीतून मी ताठ मानेने बाहेर पडले. कठडा कमरेपर्यंत आला होता. फक्त दार तेच होतं. वर्षानुवर्षं खालून कापत आणलेली ती फळी आता हवेत लटकत होती, आणि तिच्याखाली एवढी फट होती की मी बघत असतानाच गल्लीतलं एक मांजर आमच्याकडे ढुंकूनही न बघता खालून आत निघून गेलं.

"अहो, एवढा खर्च केलात, एक दार नाही का बदलायचं?" मी म्हटलं. "पाऊस आत येईल."

"पावसाळ्यात खाली फळी लावून देईन. दार राहू द्या." मोहिते त्या फटीकडे बघत होते. "माझा काही भरवसा नाही, मॅडम. कुठे एक थेंब गळला की हात शिवशिवतील, सिमेंट आणावंसं वाटेल. तेव्हा हे दिसायला पाहिजे."

शैला मागून वर आली होती. तिने पदराला हात पुसले, फटीशी वाकली आणि आत गेलेल्या मांजराला हाक मारली. मग नवऱ्याकडे न बघताच मला म्हणाली, "आणि मलाही दिसू द्या, ताई. एवढं उंच केलं होतं यांनी माझ्यासाठी."